नमुना क्रमांक चारशे सतरा

प्रयोगशाळेत माती येते कापडी पिशव्यांतून,
कधी साखरेच्या, कधी लग्नातल्या आहेराच्या,
चि. सौ. कां. छापलेल्या.
सावलीत वाळवायची, लाकडी हातोडीनं फोडायची,
चाळणीतून गाळायची. एकोणीस वर्षं झाली.
घरचे म्हणतात, तुझ्या पोळ्यांनाही मातीचा वास येतो.
मी विचारते, कोणत्या गावच्या?

चारशे सतरा काटोलकडून आला.
संत्र्याची बाग, दोन एकर, झाडं बारा वर्षांची,
चिठ्ठीवर निळ्या शाईत: उकंडराव चरडे.
सेंद्रिय कर्ब एक पूर्णांक बेचाळीस.
काचेची भांडी पुन्हा धुतली, पुन्हा केलं.
तेच.
एवढी श्रीमंत माती आमच्या जिल्ह्यात
सहसा सातबाऱ्यावर नसते.

फोन लावला. काका, खड्डा कुठं घेतला?
पलीकडे बकरी ओरडली,
मग बराच वेळ काहीच नाही.
"शेणखताच्या ढिगाजवळ, मॅडम."
कायले?
"बापाची जमीन हाये. तिले कमी मार्क भेटले
तं बरं नाही दिसत."

हसू आलं, ते मी कूलरच्या आवाजात लपवलं.
मग सांगितलं, रोज सांगते तेच:
बांध सोडा, पाटाची ओल सोडा, ढीग तर सोडाच.
झाडाची दुपारची सावली जिथं संपते
तिथं फूटभर खणा. आठ-दहा झाडांखालची
एका घमेल्यात कालवा, चार भाग करा,
समोरासमोरचे दोन टाकून द्या,
अर्धा किलो उरेपर्यंत टाकतच राहा.
"चांगली माती टाकून द्यायची?"
हो. उरते ती खरं बोलते.

दुसऱ्या खेपेला स्वतःच आला,
बर्डीवर उतरून, उन्हात पायी, डोक्याला दुपट्टा.
कार्ड मी त्याच्यासमोरच लिहिलं:
कर्ब अडतीस शतांश. सामू आठच्या वर.
पालाश भरपूर. जस्त, जवळजवळ नाहीच.
त्यानं खिशातून एक पान काढलं,
शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी,
जणू कुणी हिरव्या शाईनं नकाशा काढून
गावं भरायची विसरलं.
"पिवळं दिसलं का मी युरिया देऊन राहिलो, मॅडम.
हिरवं होते आठ दिवस. फळ मात्र लिंबाएवढं."

काका, जोडीतला एक बैल लंगडत असला तर...
त्यानं मला पुरं बोलू दिलं नाही.
"तं दुसऱ्याले पेंड चारून काय फायदा."
आणि बराच वेळ त्या पानाकडे
पाहून राहिला, माफी मागितल्यासारखा.

जाताना दारात थांबला.
"माह्या आधीचे तीन भाऊ नाही जगले.
म्हून मले उकिरड्यावर लोळवलं मायनं,
नावही तेच ठेवलं.
ढिगाजवळची माती मी काही
लबाडीनंच आणली नव्हती."

दोन पावसाळे गेले.
ताग पेरला म्हणे, फुलावर येताच गाडला.
ढीग फोडून टोपल्या-टोपल्यांनी
प्रत्येक झाडाच्या सावलीच्या काठावर नेला.
जस्ताची फवारणी नव्या पालवीवर,
युरिया निम्म्यावर, तोही तोडून तोडून.
शेजारी म्हणाले, उकंड्या आता झाडायले औषध पाजते,
चमच्यानं.

या वर्षीचं कार्ड: कर्ब एकेचाळीस शतांश.
तीन शतांश वाढ.
कुणाला सांगायला जावं तर समजणार नाही,
मी मात्र तो आकडा जरा ठळक लिहिला.
"पास?"
इथं पास-नापास नसते, काका.
"तरी."
तरी... वरच्या वर्गात नाही, पण शाळेत यायला लागली.

टेबलावर एक संत्रं ठेवून तो गेला.
सवयीनं मी ते तराजूवर ठेवलं:
एकशे त्रेसष्ट ग्रॅम.
नोंदवहीत त्याला रकाना नाही.
सालीवर अंगठ्याएवढी काळी माती लागलेली,
बागेतली की ढिगाजवळची,
विचारायचं राहिलं.